पलंगाखालच्या तीन पिशव्या: लोकर, मेण आणि जुने टीशर्ट (नवीन काहीही विकत न घेता!)

गुंतागुंत | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आलीच. नेरुळला राहते, टू बीएचके, बॉक्सवाला पलंग. त्या बॉक्समध्ये माझ्या तीन पिशव्या आहेत, पिशव्या म्हणजे तांदळाची गोणी असते ना तेवढ्या. काल सासूबाईंनी गाद्या काढायला म्हणून बॉक्स उघडला आणि शांतपणे म्हणाल्या, "दिवाळीच्या आत हे मार्गी लाव, नाहीतर मी लावते." आरडाओरडा केला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं, पण त्या शांतपणे बोलल्या म्हणजे खरंच लावतील.

पिशवी १: लोकर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्रोशे शिकले तेव्हापासूनची. अर्धे गुंडे, पाव गुंडे, गुंता झालेले गुंडे, आणि २३ ग्रॅनी स्क्वेअर (क्रोशाचे चौकोनी तुकडे) ज्यातले कुठलेही दोन एकमेकांना शोभत नाहीत.

पिशवी २: मेण. एका वर्कशॉपला गेले होते त्यातले उरलेले सोया वॅक्सचे (सोयाबीनच्या मेणाचे) फ्लेक्स साधारण किलोभर, लाइट गेल्यावर लावलेल्या मेणबत्त्यांची थोटकं, वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या, जॅमच्या रिकाम्या बरण्या ८.

पिशवी ३: कपडे. मॅरेथॉनचे टीशर्ट, नवऱ्याच्या ऑफिसचे टीशर्ट, मंडळाचे टीशर्ट, मिळून १४. बोहारीण आमच्या सोसायटीत यायची बंद झाली आणि वॉचमनकाका पण आता नको म्हणतात.

अट एकच, नवीन काहीही विकत आणायचं नाही. ग्लू गनची कांडीसुद्धा नाही. आणि जे बनेल ते घरात वापरलं गेलं पाहिजे, शोकेसमध्ये ठेवायला काही नको, शोकेस आधीच भरलंय. सुचवा.

तलावपाळी | रविवार, रात्री ११:५८

आधी पिशवी ३ घे, तिथे सगळ्यात लवकर जागा मोकळी होते आणि सासूबाईंना काहीतरी हललंय असं दिसतं, हे महत्त्वाचं.

टीशर्टचा दोरा कर. शिवण बाजूला नसलेला, गोल विणलेला सुती टीशर्ट बेस्ट. काखेच्या खाली आडवा काप, खालची शिवण पण काढून टाक, म्हणजे एक नळी उरते. ती पसरून इंच इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या काप, पण एका कडेला दोन बोटं जागा न कापता सोड. मग ती न कापलेली बाजू समोर घेऊन तिरपं कापत जायचं, पहिल्या पट्टीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, म्हणजे सलग एकच पट्टी मिळते. शेवटी हाताने जोरात ओढायची, कडा आत वळतात आणि गोल दोरा होतो. लार्ज टीशर्टचा घेर ११० सेंमी धरला आणि १८ पट्ट्या निघाल्या तर २० मीटरच्या आसपास होतो, ओढल्यावर अजून जास्त.

मॅरेथॉनचे ड्रायफिट मात्र बाजूला ठेव. ते पॉलिएस्टर असतात, नीट वळत नाहीत, निसरडे होतात आणि पाणीही टिपत नाहीत, त्यामुळे पायपुसणं म्हणून एकदम निरुपयोगी.

घोडबंदरचा_बोका | सोमवार, सकाळी ८:१५

टीशर्टचं पायपुसणं मी केलेलं आहे. म्हणजे करायला घेतलं पायपुसणं आणि झाली टोपी. गोल विणत गेलो, पहिल्या चार फेऱ्या ठीक वाटलं, मग कडा वर यायला लागल्या, मला वाटलं पाय पडून पडून बसेल सपाट. नाही बसलं. सध्या त्यात कांदे ठेवतो. बायको आलेल्या प्रत्येकाला "हे यांनी केलं" असं सांगते आणि लोक "कांद्याची टोपली छान आहे" म्हणतात, त्यामुळे मी आता खरं सांगायचं सोडून दिलंय.

मावशी_ऐरोली | सोमवार, दुपारी २:३०

बोक्या, पॅटर्न कुठला होता आणि व्हिडिओ कुठला बघितलास?

घोडबंदरचा_बोका | सोमवार, दुपारी २:४१

पॅटर्न एका ब्रिटिश बाईंचा, लिहिलेला. त्यात "डबल क्रोशे" म्हटलेलं, तो कसा घालायचा ते यूट्यूबवर बघितलं.

मावशी_ऐरोली | सोमवार, दुपारी ३:०५

वाटलंच मला. तुझी काही चूक नाही. आपल्याकडे ज्याला मुका खांब म्हणतात ना, तो बुटका टाका, त्याला अमेरिकन लोक सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश लोक त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. आपला नेहमीचा खांब म्हणजे अमेरिकन डबल, ब्रिटिश ट्रेबल. तू पॅटर्न ब्रिटिश घेतलास आणि टाका बघितलास अमेरिकन, म्हणजे मुक्या खांबाच्या जागी उंच खांब घातलेस.

आता गणित बघ. मुक्या खांबाचं सपाट वर्तुळ करायचं तर ६ ने सुरुवात आणि दर फेरीला ६ वाढवायचे, ६, १२, १८, २४ असं. खांब उंचीला साधारण दुप्पट, म्हणजे दर फेरीला घेर पण दुप्पट वाढायला हवा, म्हणून १२ ने सुरुवात आणि दर फेरीला १२. तू उंच खांब घेऊन फक्त ६ वाढवत गेलास, घेर कमी पडला, कडा उभ्या राहिल्या. उलटं केलं असतंस, म्हणजे मुका खांब घेऊन १२ वाढवले असतेस, तर फ्रिलचा झगा झाला असता.

म्हणून मी म्हणते आपली नावं लक्षात ठेवा. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. माझ्या आईने मला ज्या नावांनी शिकवलं त्यात असा घोळ कधीच झाला नाही.

गुंतागुंत | सोमवार, रात्री १०:२०

मावशी, तुम्हाला साष्टांग _/\_ माझ्या २३ ग्रॅनी स्क्वेअरमधले काही लहान काही मोठे का आहेत ते आत्ता कळलं, अर्धे एका व्हिडिओवरून केलेत अर्धे दुसऱ्या.

तलावपाळी, पाच टीशर्ट कापले. हॉलभर सुती धूळ. पण माझ्याकडे क्रोशाची जाड सुई नाही, सगळ्यात मोठी ५ एमएमची आहे आणि या दोऱ्याला ती पुरत नाही, मनगट गेलं. आणायची नाही कारण अट.

तलावपाळी | सोमवार, रात्री १०:३५

मग सुई नकोच. तीन दोऱ्यांची वेणी घाल, घट्ट नको, आणि ती वेणी गोल गुंडाळत गोधडीच्या दोऱ्याने खालून शिवत जा. टीव्ही बघता बघता होतं. शिवताना जमिनीवर सपाट ठेवूनच शीव, मांडीवर घेतलंस तर बोक्याची टोपी होईल.

आणि एक, फार मोठं करू नकोस. टीशर्टचं पायपुसणं पाणी पितं आणि जड होतं, आपल्याकडे जुलैत ते दोन दिवस वाळत नाही आणि मग कुबट वास. लहान लहान दोन-तीन कर, आलटून पालटून वापर.

वाशीवाली | मंगळवार, सकाळी ११:००

जाड सुई अब्दुल रहमान स्ट्रीटला स्वस्तात मिळते, क्रॉफर्ड मार्केटच्या समोरून आत गेलं की

घोडबंदरचा_बोका | मंगळवार, सकाळी ११:०२

अट!!!

वाशीवाली | मंगळवार, सकाळी ११:०३

अरे हो सॉरी सॉरी. पण खरंच जाऊ नका तिथे, मी एक सुई आणायला गेले होते आणि येताना हातात चार पिशव्या होत्या, सीएसएमटीहून पनवेल लोकलला उभं राहून आले.

स्पष्ट_बोलतो | मंगळवार, दुपारी १:१५

माफ करा पण मला हे "टाकाऊतून टिकाऊ" प्रकरणच पटत नाही. आमच्या शेजारच्या बाटल्या रंगवतात. रिकामी बाटली फुकट. तिच्यावर अ‍ॅक्रेलिक रंग, डिकूपाजचे (चिकटवायचे, चित्रांचे) कागदी नॅपकिन, वॉर्निश, सुतळी, आतमध्ये फेअरी लाइट आणि त्या लाइटच्या बटणासारख्या बॅटऱ्या. आधी बाटली भंगारवाला घेऊन गेला असता, काच वितळून पुन्हा काच झाली असती. आता तिच्यावर रंग आणि गोंद बसलाय, ती कोणीच घेणार नाही. टाकाऊ होतं एक, झाले सात. आणि ते सगळं भेट म्हणून आमच्या घरी.

करवंटी | मंगळवार, दुपारी १:४०

किती नकारात्मक. कोणी हौसेने काही करतंय तर करू द्या ना.

स्पष्ट_बोलतो | मंगळवार, दुपारी १:५२

हौसेला ना नाही. हौस म्हणा, पर्यावरण म्हणू नका एवढंच.

मावशी_ऐरोली | मंगळवार, दुपारी २:१०

थोडं पटतं मला. आमच्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर घरातल्या जुन्या कॅरीबॅगा कापून त्याचा दोरा करून मी पिशव्या विणल्या, त्यातल्या दोन अजून भाजीला वापरते. पण नंतर मी काय करायला लागले, तर रंग चांगला म्हणून दुकानातून मुद्दाम पिशवी मागून घ्यायला लागले. मुलीने पकडलं. तेव्हा थांबवलं.

म्हणून गुंतागुंतची अट मला आवडली. वाद नका घालू, तिची पिशवी २ बघा.

गुंतागुंत | बुधवार, रात्री ९:३०

पिशवी २ चं नाव काढू नका. आज सत्यानाश झाला. नीट क्रमाने सांगते.

सगळी थोटकं आणि सोया फ्लेक्स एकत्र वितळवले. रंगासाठी मुलाचे तेलखडू टाकले, दोन लाल. वास यावा म्हणून केकचं व्हॅनिला इसेन्स झाकणभर. वात म्हणून लोकर, म्हटलं पिशवी १ पण संपेल. ओतलं कशात, तर गेल्या दिवाळीच्या मातीच्या पणत्यांमध्ये, आणि त्या छान दिसाव्यात म्हणून आधी पाण्यात धुतलेल्या.

निकाल: इसेन्स खाली थेंब थेंब होऊन वेगळं बसलं. ओतताना दोन पणत्या तडतडल्या, हातावर उडालं, थोडंच. एक पेटवली तर वात जळायच्या ऐवजी आकसून काळा मणी झाली आणि विझली. आणि सकाळी ओट्यावर प्रत्येक पणतीखाली एक तेलकट गोल. सासूबाईंनी उलथन्याने खरवडलं, काही बोलल्या नाहीत. पुन्हा तेच, काही बोलल्या नाहीत.

मेणाचा_माणूस | बुधवार, रात्री १०:४५

ताई, एका संध्याकाळी एवढ्या सगळ्या चुका एकत्र करणारं कोणी भेटलं नव्हतं :) मी कोपरखैरण्याला राहतो, बायको आणि मी दिवाळीला प्रदर्शनात मेणबत्त्यांचा स्टॉल लावतो, हे सगळं आम्ही पण केलंय, फक्त वेगवेगळ्या वर्षी.

इसेन्स: केकचं इसेन्स पाण्या-ग्लायकॉलमधलं असतं, मेणात विरघळत नाही. मेणात तेलात मिसळणारा सुगंधच चालतो. तुमच्याकडे नसेल तर बिनवासाची करा, लाइट गेल्यावर कोणी वास घेत बसत नाही.

खडू: खडूतला रंग म्हणजे बारीक भुकटी, ती विरघळत नाही, नुसती तरंगते. वातीत चढते आणि वात चोंदते. थोटकांमधली रंगीत थोटकं निवडून त्यांचाच रंग येऊ द्या.

लोकर: लोकर म्हणता ती बहुतेक अ‍ॅक्रेलिक असणार, ते जळत नाही नीट, वितळतं, म्हणून मणी झाला. वातीला निव्वळ सूतच पाहिजे. पिशवी १ मध्ये सुती दोरा असेल तर तीन पदरी वेणी घाला, वितळलेल्या मेणात बुडवून सरळ ताणून वाळवा, आणि मग वापरा. बुडवल्याशिवाय लावली तर आधी नुसतं सूत जळतं.

पणती: पणतीच्या मातीला छिद्रं असतात. तेलासाठी आपण पाण्यात भिजवून घेतो ते बरोबर, पण मेणासाठी नेमकं उलटं, ओल असली की गरम मेण पडल्यावर त्याची वाफ होते आणि उडतं. आणि कोरडी असली तरी मेण झिरपतंच. जॅमच्या बरण्या आहेत ना ८, त्याच वापरा. चीर गेलेली बरणी नको, पातळ काचेचे ग्लास तर अजिबात नको, आणि तळाला बोटभर मेण राहिलं की विझवायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वितळवलं कशात?

गुंतागुंत | बुधवार, रात्री १०:५८

पातेल्यात. थेट गॅसवर. बारीक आच होती.

मेणाचा_माणूस | बुधवार, रात्री ११:२०

परत नका करू. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, त्या भांड्यात मेण. पाणी १०० च्या वर जात नाही म्हणून मेणही त्याच्या वर जात नाही. साधं मेण ६० च्या आसपास वितळतं, सोया त्याहून थोडं आधी, म्हणजे उकळी फुटायची पण गरज नाही. थेट आचेवर मेण उकळताना दिसत नाही, शांत दिसतं, मग धूर येतो आणि पेट घेतं. तसं झालंच तर गॅस बंद आणि वर झाकण. पाणी टाकायचं नाही, जळतं मेण भडकून वर येतं. जागा सोडून फोन घ्यायला पण जायचं नाही, हे माझ्या अनुभवाचं बोलतोय आणि आमच्या किचनच्या छताला अजून तो डाग आहे.

गाळायला जुन्या ओढणीचा तुकडा घ्या, काड्या, जळकी वात सगळं वर राहतं. आणि ते भांडं बेसिनमध्ये धुवू नका! मेण गरम पाण्याबरोबर जातं आणि पुढच्या वळणावर जाऊन गोठतं. आमच्या विंगचा चेंबर असाच तुंबला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्लंबरने मेणाचा गोळा कागदावर ठेवून सगळ्यांना दाखवला, आमच्याकडे बघत. भांडं गरम असतानाच कागदाने पुसायचं आणि कागद कचऱ्यात.

करवंटी | गुरुवार, सकाळी ९:१०

दादा, सोयाच्या मेणबत्तीवर पांढरे पांढरे डाग येतात बुरशीसारखे, ते काय? आणि माझी मध्ये खड्डा पडून जळते, कडेचं मेण तसंच.

मेणाचा_माणूस | गुरुवार, सकाळी ९:४०

पांढरं म्हणजे फ्रॉस्टिंग, सोयाचा स्वभाव आहे, काही बिघडलेलं नाही. खड्डा पडतो कारण पहिल्यांदा लावल्यावर लवकर विझवता. पहिल्या वेळी कडेपर्यंत पूर्ण वितळेपर्यंत जळू द्यायची, रुंदीच्या दर इंचाला तासभर असा आमचा अंदाज. तीन इंची बरणीला तीन तास. एवढा वेळ नसेल तर त्या दिवशी लावूच नका. तरीही खड्डा पडला तर वात बारीक आहे.

गुंतागुंत | शनिवार, रात्री ८:५०

पाण्यातल्या भांड्याने केलं. ६ बरण्या भरल्या, गुलाबी-मातकट रंग आलाय, त्याला काय म्हणायचं माहीत नाही पण जळतात. काल रात्री सोसायटीत लाइट गेली वीस मिनिटं (खरंच गेली) आणि दोन लावल्या. तीन तासांचा नियम असल्यामुळे लाइट आल्यावर पण विझवू दिल्या नाहीत, सगळे दिव्याखाली मेणबत्ती लावून जेवले.

आता पिशवी १. गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या करू का? रंगीत छान होतील.

मावशी_ऐरोली | शनिवार, रात्री ९:१५

अ‍ॅक्रेलिकच्या अजिबात नको! आत्ताच वात वितळलेली बघितलीस ना. कुकर ठेवशील आणि चकती टेबलाला चिकटेल. चकत्या सुतीच. कुठलं काय ते कळत नसेल तर प्रत्येक गुंड्याचा बोटभर दोरा बेसिनवर सांडशीत धरून पेटव. सूत कागदासारखं जळतं, वास पण कागदाचा, राख मऊ. खरी लोकर केस जळल्यासारखी येते आणि राख चुरगळते. अ‍ॅक्रेलिक वितळून कडक मणी होतो.

अ‍ॅक्रेलिकच्या उरलेल्या तुकड्यांची भांडी घासायची घासणी विण, चांगली घासली जातात, पण गार पाण्याने.

तलावपाळी | शनिवार, रात्री ९:४०

आणि ग्रॅनी स्क्वेअर? लहानांना भोवतीने एक फेरी अजून घालून मोठ्यांच्या मापाला आण, सगळ्यांची शेवटची फेरी एकाच रंगात घाल. मग कुठलेही दोन शोभतात. २३ आहेत ना, एक अजून कर, ४ गुणिले ६, सोफ्याच्या पाठीवर टाकायला होतं.

गुंतागुंत | बुधवार, दुपारी ४:०५

एक झालंय. काल मी नेरुळ-ठाणे लोकलमध्ये बसून शेवटच्या फेऱ्या घालत होते, घरी येऊन पिशवी टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेले. आले तर सासूबाई चष्मा लावून माझा स्क्वेअर उलटा करून बघतायत. "टाके घट्ट आहेत तुझे. सुई बारीक घेतलीस." मला माहीतच नव्हतं त्यांना येतं. म्हणाल्या त्यांच्या रुखवतात सगळं क्रोशाचं होतं, तोरण, रेडिओवरचं झाकण, दह्याच्या भांड्यावर टाकायची जाळी, कडेने मणी लावलेली म्हणजे वाऱ्याने उडत नाही. लग्नानंतर हात लावला नाही कधी, वेळच नव्हता.

पिशवीतला पांढरा सुती गुंडा त्यांनी काढून घेतलाय. माझ्या तुटलेल्या माळेचे मणी पण. दह्याची जाळी करायची म्हणतायत, मध्यभागी अननसाची नक्षी, पण सुरुवात आठवते आणि पुढच्या ओळी आठवत नाहीत. कोणाकडे आहे का जुनं काही?

मावशी_ऐरोली | बुधवार, संध्याकाळी ६:३०

माझ्या आईच्या वहीत आहे. पान उतरवून देते. एका अननसाचं:

तळाला एकाच घरात १० खांब. पुढच्या ओळीत प्रत्येक खांबावर मुका खांब, मध्ये ३ साखळ्या, म्हणजे ९ कमानी. मग दर ओळीला कमानीत मुका खांब, ३ साखळ्या, पुढच्या कमानीत मुका खांब. ९, ८, ७, ६... आणि पुढची ओळ वाचता येत नाही, पानावर फोडणीचा डाग आहे. आई ओट्यावर वही ठेवून विणायची.

गुंतागुंत | बुधवार, रात्री ९:१२

त्यांना वाचून दाखवलं. मान वर न करता म्हणाल्या, "पाच. दर ओळीला एक कमान कमी होते, शेवटी एक उरते, ते अननसाचं टोक." आणि आता विचारतायत तुमच्या आईंनी कडेला ३ मणी लावलेत का ५.

मावशी_ऐरोली | बुधवार, रात्री ९:३०

तीन. पण भांडं मोठं असेल तर पाच लावायला सांग, तीन हलके पडतात.